इंजिन एका गाडीचं, बॉडी दुसरीची: मग स्पेअर पार्ट कुठल्या गाडीचे मागायचे?

सोलापुरातल्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात गेलं की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडी कुठली?" लगेच दुसरा, "मॉडेल किती सालचं?"

बहुतेक ग्राहकांकडे याचं सरळ उत्तर असतं. दुकानदार कॅटलॉग किंवा कॉम्प्युटर पाहतो आणि मागच्या रॅकवरून डबा काढून देतो. पण एखादा ग्राहक म्हणतो, "गाडी जुनी जिप्सी आहे, पण इंजिन एस्टीमचं बसवलंय. आधीच्या मालकाने बसवलं, मी गाडी अशीच घेतली." इथून पुढे कॅटलॉग चालत नाही. मिस्त्री जुना भाग खोलून आणतो, तो नव्याशेजारी ठेवून पाहिला जातो, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर एखादा भाग बसतो. कधी तो बसतो, पण महिनाभरात जातो.

अडचण फक्त दुकानापुरती नाही. याच गाडीच्या आरसी बुकात अजून जुन्याच इंजिनाचा नंबर असेल, तर तपासणी, विमा आणि विक्री या तिन्ही वेळी मालक अडकतो. त्यामुळे इंजिन बदललेल्या किंवा सुट्या भागांतून जोडलेल्या गाडीच्या मालकाला दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: बॉनेटखाली नेमकं काय आहे? आणि कागदावर काय आहे?

आत्ताच हा विषय का?

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बंधनकारक करण्यात आली. त्यासाठीची मुदत २०२५ मध्ये अनेकदा वाढवावी लागली. ही प्लेट मागवताना आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर द्यावा लागतो आणि तो सरकारच्या 'वाहन' प्रणालीतल्या नोंदीशी जुळावा लागतो. त्यामुळे वर्षानुवर्षं कपाटात पडलेली आरसी बुकं लोकांनी पुन्हा बाहेर काढली.

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा तर गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. एमएच १३ पासिंगची जुनी जीप असो की शेतावर वापरली जाणारी जुनी गाडी, तपासणारा अधिकारी कागदावरचा नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर ताडून पाहतो. इंजिन बदलून त्याची नोंद न केलेल्यांची गोष्ट इथे उघडी पडते.

किट कार म्हणजे काय?

परदेशात किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी किंवा छोट्या कारखान्यात जोडलेली गाडी. बॉडी आणि सांगाडा एका कंपनीचा आणि इंजिन, गिअरबॉक्स, कधी कधी ब्रेकसुद्धा दुसऱ्याच गाडीतून घेतलेले. इंग्लंडमध्ये अशा गाड्यांची मोठी परंपरा आहे. भारतात ती रुजली नाही, पण अगदी नव्हती असंही नाही.

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ 'चिंकारा मोटर्स' या छोट्या कंपनीने लोटस सेव्हन या प्रसिद्ध ब्रिटिश गाडीच्या धर्तीवर रोडस्टर बनवली. तिच्यात इसुझुचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. इसुझुचं १.८ लिटर इंजिन हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बेसेडर आणि कॉन्टेसामध्येही वापरलं होतं. म्हणजे या रोडस्टरच्या मालकाने दुकानात जाऊन 'चिंकारा'चे भाग मागितले तर दुकानदार मान हलवेल. इसुझु इंजिनाचे म्हणून मागितले तर निदान शोध कुठून सुरू करायचा हे त्याला कळेल.

गोव्यातल्या 'सॅन स्टॉर्म'चं उदाहरण याच्या उलट आहे. फायबर बॉडीची ही दोन सीटची गाडी १९९८ मध्ये आली. तिच्यात रेनोचं १,१४९ सीसी इंजिन होतं, युरोपातल्या क्लिओ गाडीतलं. त्या काळी रेनो भारतात गाड्या विकत नव्हती. त्यामुळे इंजिन कुठलं हे माहीत असूनही भाग जवळच्या बाजारात मिळतील याची खात्री नव्हती. इंजिन निवडतानाच पुढच्या १०-१५ वर्षांच्या स्पेअर पार्टचाही निर्णय होत असतो, तो असा.

सोलापूरसारख्या शहरात मात्र किट कारपेक्षा इंजिन बदललेली गाडीच जास्त भेटते. जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन, ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीला १.३ लिटरचं इंजिन, किंवा भंगारात निघालेल्या गाडीचं 'हाफ इंजिन' आणून स्वतःच्या गाडीत बसवणं. प्रकार वेगळे असले तरी स्पेअर पार्टचा प्रश्न तोच.

इंजिन ओळखायचं कसं?

पहिली पायरी म्हणजे इंजिनावर ठोकलेला नंबर. तो बहुधा ब्लॉकवरच्या एका सपाट, घासून गुळगुळीत केलेल्या जागेवर असतो. अनेक इंजिनांमध्ये ही जागा ब्लॉक आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे असते. ग्रीस आणि मातीखाली तो दडलेला असतो, म्हणून रॉकेल आणि तारेचा ब्रश लागतो. तो वाचण्याआधी मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहणं सोपं जातं.

या नंबरात सुरुवातीची अक्षरं सगळ्यात महत्त्वाची. मारुतीच्या इंजिनांमध्ये तिथे इंजिनाच्या कुळाचं नाव असतं. एफ८बी म्हणजे मारुती ८००चं ७९६ सीसी इंजिन. जी१०बी म्हणजे जुन्या झेनचं ९९३ सीसी. जी१३ने सुरुवात झाली तर एस्टीम आणि जिप्सी किंगचं १,२९८ सीसी. के१०बी म्हणजे नंतरच्या अल्टो के१० आणि वॅगन आरचं ९९८ सीसी. पुढचे आकडे त्या एकाच इंजिनाचा क्रमांक असतात, ते आरसीशी जुळवण्यासाठी.

दुसरी खूण म्हणजे ब्लॉकवरची उठावदार अक्षरं, म्हणजे कास्टिंग नंबर. हा ठोकलेला नसतो, लोखंड ओततानाच साच्यातून उमटलेला असतो. ठोकलेला नंबर सांगतो 'हे कितवं इंजिन', तर कास्टिंग नंबर सांगतो 'हा ब्लॉक कुठल्या साच्यातला'. इथे एक फसगत होते. एकाच साच्यातले ब्लॉक वेगवेगळ्या क्षमतेच्या इंजिनांसाठी वापरले जाऊ शकतात. शिवाय ब्लॉकवर दिसणारं चिन्ह गाडीच्या कंपनीचं नसून फाउंड्रीचंही असू शकतं.

सोलापूरकरांना हे समजणं अवघड नाही, कारण हे काम त्यांच्या शहरातच चालतं. किर्लोस्कर फेरसची फाउंड्री सोलापुरात आहे आणि तिथे इंजिनासाठी लागणारी कास्टिंग ओतली जातात. १९९२ मध्ये स्थापन झालेली 'प्रिसिजन कॅमशाफ्ट्स' सोलापुरातूनच जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती सुझुकी यांसारख्या कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवत आली आहे. एकाच शहरातून निघालेला भाग चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉनेटखाली जातो. म्हणून भागावर कोणाचा शिक्का आहे एवढ्यावरून तो कुठल्या गाडीचा हे ठरवता येत नाही.

नंबर वाचता येत नसेल, गंजला असेल, किंवा विश्वास ठेवावा असा नसेल, तर तिसरा मार्ग मोजमापाचा. हेड खोललेलं असताना सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची वर-खाली होण्याची लांबी मोजायची. व्यासाचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले ती लांबी, गुणिले सिलिंडरची संख्या. मापं मिलिमीटरमध्ये असतील तर आलेल्या उत्तराला १,०००ने भागलं की सीसी मिळतात.

मारुती ८००चं उदाहरण घ्या. व्यास ६८.५ मिमी, लांबी ७२ मिमी, सिलिंडर ३. उत्तर येतं ७९६ सीसी. जुन्या झेनचा व्यास ७२ आणि लांबी ६१ मिमी, सिलिंडर ४, म्हणजे ९९३ सीसी. एस्टीमचा ७४ आणि ७५.५, सिलिंडर ४, म्हणजे जवळपास १,२९९, कंपनीच्या कागदावर १,२९८. झेन आणि एस्टीमची इंजिनं एकाच कुळातली, बाहेरून भावंडांसारखी दिसणारी. पण पिस्टनचा व्यास २ मिमीने वेगळा. नजरेच्या अंदाजावर पिस्टन मागवला तर पैसे वाया जाणारच.

इंजिन आधी कधी बोअर केलं असेल तर माप मूळ मापापेक्षा थोडं जास्त येईल. तेव्हा पिस्टन आणि रिंगा 'स्टँडर्ड' न घेता ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज घ्याव्या लागतात. क्रँकशाफ्ट घासून घेतला असेल तर बेअरिंग त्याच्या उलट, अंडरसाइज. ही मापं लेथवाला मायक्रोमीटरने घेतो. ती कागदावर लिहून घेणं हे ग्राहकाचं काम.

एक इंजिन, अनेक नावं

ओळख पटली म्हणजे काम संपलं असंही नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन. व्यास ६९.६, लांबी ८२ मिमी, १,२४८ सीसी. हे इंजिन भारतात पुण्याजवळ रांजणगावला आणि मारुतीसाठी मानेसरला बनत होतं. फियाटच्या पुंटोत त्याचं नाव मल्टिजेट, टाटाच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट, मारुतीच्या स्विफ्टमध्ये डीडीआयएस. मारुतीच्या कागदावर त्याचा कोड डी१३ए. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते होतं की त्याला गमतीने भारताचं 'राष्ट्रीय इंजिन' म्हटलं जायचं. २०२० मध्ये बीएस६ नियम आले आणि भारतात ते बंद झालं.

रस्त्यावर अशा लाखो गाड्या असल्याने भंगारात हे इंजिन सहज मिळतं. पण ७५ पीएस आणि ९० पीएस अशा त्याच्या दोन प्रमुख आवृत्त्या होत्या आणि दोन्हींचे टर्बो वेगळे. ७५ पीएसच्या टर्बोची रचना साधी, तर ९० पीएसच्या टर्बोतली पाती गरजेनुसार कोन बदलणारी. त्याशिवाय प्रत्येक कंपनीचं वायरिंग आणि इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, वेगळा. त्यामुळे पिस्टन, रिंगा अशा आतल्या भागांत साम्य सापडू शकतं, पण टर्बो, सेन्सर आणि ईसीयू मात्र ज्या गाडीतून इंजिन निघालं त्याच गाडीच्या कंपनी, मॉडेल आणि सालाप्रमाणे मागावे लागतात. अनेक कॉमन रेल डिझेल इंजिनांत तर प्रत्येक नोझलवर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. नोझल बदलली पण कोड भरला नाही, तर इंजिन धूर सोडतं किंवा धडधडतं.

कुठला भाग कुणाच्या नावाने मागायचा?

इंजिन बदललेली गाडी म्हणजे दोन गाड्यांचं लग्न. प्रत्येक भाग कुठल्या घरचा, हे आधी ठरवावं लागतं.

इंजिनाच्या घरचे भाग: पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅसकेट किट, टायमिंग बेल्ट किंवा चेन, ऑइल फिल्टर, वॉटर पंप, स्पार्क प्लग किंवा नोझल, सेन्सर आणि ईसीयू. हे सगळं इंजिनाच्या कोडवरून.

बॉडी आणि चेसिसच्या घरचे भाग: ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चाकांची बेअरिंगं, काचा, दिवे. हे चेसिस नंबरवरून. नव्या पद्धतीचा चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात. एमए३ म्हणजे मारुती, एमएटी म्हणजे टाटा, एमए१ म्हणजे महिंद्रा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती १ आणि ०सारखी दिसतात. त्यामुळे गोल दिसणारं चिन्ह शून्यच समजायचं.

खरी डोकेदुखी तिसऱ्या गटाची, म्हणजे दोन्ही घरं जिथे जोडली जातात त्या भागांची. क्लच प्लेटचा व्यास फ्लायव्हीलशी जुळावा लागतो, पण मधले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी. इंजिन एका गाडीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा असेल तर दोन्ही मापं घेतल्याशिवाय प्लेट मागवू नये. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्सचं आणि बाहेरचं टोक चाकाचं असतं. फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ते, अनेकदा वेल्डिंग करून जमवलेलं असतं. रेडिएटरचे पाइप, एक्सलेटरची केबल, सायलेन्सरचा पुढचा भाग यांचंही तेच.

सुरुवातीच्या जिप्सी-एस्टीमच्या उदाहरणात हे स्पष्ट दिसतं. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. जिप्सीत तेच उभं बसतं. म्हणून पिस्टन 'एस्टीमचा' चालेल, पण ऑइल पॅन, मॅनिफोल्ड आणि फाउंडेशन यांना 'एस्टीमचं द्या' म्हणून चालणार नाही.

काही भागांना मात्र गाडीचं नाव लागतच नाही. बॉल बेअरिंगवर नंबर असतो. ६२०३ लिहिलेलं बेअरिंग कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिमीच असते. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे लिहिलेले असतात. असे भाग 'अमुक गाडीचं' म्हणून न मागता नंबरवर मागितले तर चूक होण्याची शक्यता कमी आणि अनेकदा स्वस्तही पडतात.

यात सुरक्षेचा मुद्दा सगळ्यात मोठा. इंजिन मोठं झालं की गाडीचा वेग आणि पुढच्या भागाचं वजन वाढतं, पण ब्रेक जुन्याच गाडीचे राहतात. ते मूळच्या लहान इंजिनाचा हिशेब धरून बनवलेले असतात. सोलापूर-पुणे महामार्गावर ताशी ९०ने जाताना हा फरक अचानक ब्रेक मारल्यावरच कळतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ इथे लागू होतं. उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, असं हे कलम सांगतं. इंधन बदलण्यासाठी मंजुरी मिळालेलं किट बसवणं, उदाहरणार्थ सीएनजी किंवा बॅटरी, याला अटींसह मुभा आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला.

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षाही स्पष्ट केली. कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ₹५,००० दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग खराब झालेलं इंजिन बदलायचंच नाही का? बदलता येतं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवून आरसीवर नवा नंबर नोंदवून घेणं हा सरळ मार्ग आहे. अडतं ते वेगळ्या कंपनीचं, जास्त क्षमतेचं किंवा वेगळ्या प्रकारचं इंजिन बसवल्यावर. पूर्णपणे घरी बनवलेल्या गाडीसाठी तर पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी आणि प्रमाणपत्र लागतं. हा खर्च आणि वेळ एका गाडीसाठी परवडणारा नसतो.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेल्या छोट्या चारचाकीची गोष्ट अनेकांना आठवत असेल. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणाऱ्या त्या गाडीचा व्हिडिओ डिसेंबर २०२१ मध्ये देशभर पसरला. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या ती रस्त्यावर थांबवली जाईल, हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात कुटुंबाला बोलेरो मिळाली. कौशल्याला दाद मिळाली, पण त्या गाडीला नोंदणीचा मार्ग मिळाला नाही.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. पॉलिसीवर इंजिन आणि चेसिस दोन्ही नंबर असतात. अपघातानंतर सर्व्हेअर आला आणि इंजिन भलतंच निघालं, तर दावा नाकारण्याचं कारण कंपनीच्या हाती आयतंच येतं.

भंगारातलं इंजिन घेताना

जुन्या बाजारातलं स्वस्त इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तपासण्याची सोय मोफत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत इंजिन नंबर टाकून ते चोरीच्या नोंदीत आहे का, हे पाहता येतं. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्यावर वेल्डिंग असलेला दिसला, तर कितीही कमी किंमत असली तरी ते इंजिन सोडून द्यावं.

घेतलंच तर विकणाऱ्याची पावती, ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत आणि इंजिन नंबरचा फोटो, या तीन गोष्टी पैसे देण्याआधी हातात हव्यात. पुढे आरटीओत नोंद करताना मालकी दाखवायला हेच कागद लागतात आणि दुकानात भाग मागताना तीच आरसी 'मॉडेल किती सालचं?' याचं उत्तर देते.

आधीच अशी गाडी असेल तर?

पहिलं काम, आरसीवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर शेजारी लिहून पाहणं. जुळत असतील तर फक्त स्पेअर पार्टची वही करायची: इंजिनाचा कोड, ते कुठल्या सालच्या गाडीचं, पिस्टन आणि बेअरिंगचा साइज, क्लच प्लेटचा व्यास आणि दाते, सील आणि बेअरिंगचे नंबर. एखादा भाग बसला की त्याच्या डब्यावरचा पार्ट नंबर कापून त्याच वहीत चिकटवायचा. पुढच्या वेळी दुकानदाराला अंदाज करावा लागत नाही आणि गाडी विकली तर ही वही नव्या मालकाच्या कामी येते.

जुळत नसतील तर इंजिन त्याच प्रकारचं आहे का, हे आधी ठरवावं. असेल तर कागद गोळा करून आरटीओत नोंदीसाठी अर्ज करणं शक्य आहे. नसेल, तर मूळ प्रकारचं इंजिन परत बसवणं किंवा गाडी सार्वजनिक रस्त्यावर न आणणं, हेच दोन पर्याय उरतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी तर हे अजून सोपं आहे: टोकन देण्याआधी टॉर्च घेऊन बॉनेट उघडायचं आणि नंबर स्वतः वाचायचा.